भोंग्याची वायर

आबांच्या पखवाजाची कणीक मळायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. पोळीची कणीक वेगळी आणि ही वेगळी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, ओल्या कणकेचा गोळा थापतात, तेव्हा त्यातून खर्ज निघतो. गोळा सैल असला तर आवाज पाघळतो, घट्ट असला तर पाट बडवल्यासारखा येतो. आबा माझ्या हातून गोळा घ्यायचे, अंगठ्यानं दाबून बघायचे आणि "बराबर" म्हणायचे, नाहीतर काहीच न बोलता परातीत परत टाकायचे. परत टाकला की मला रडू यायचं. आयुष्यात माझी परीक्षा म्हणावी अशी त्या एकाच माणसानं घेतली. बाकीच्यांनी नुसते निकाल लावले.

आमचं गाव कुरुंद्याच्या अंगाचं, हळदीचं. आबांचे हात उन्हाळाभर पिवळे असायचे आणि त्याच हातांनी ते गावच्या सप्त्यात पखवाज वाजवायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून. पुढे शेत दादाच्या हातात गेलं, घर वहिनीच्या हातात गेलं, बाजाराला कोणी जायचं, बैल कधी विकायचे, हे आबांना विचारायचं बंद झालं. त्यांच्यापाशी उरली होती ती फक्त सप्त्यातली कीर्तनकार महाराजांच्या शेजारची जागा. ती जागा म्हणजे आबा होते. तिथे बसले की त्यांची पाठ ताठ व्हायची, एरवी घरात ते भिंतीला टेकूनच असायचे.

मी लग्न होऊन औंढ्याला आले. देवळाच्या रस्त्यावर आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, वायर, बटणं, मोटारीचे स्टार्टर, असलं. आमचे मालक आणि मी दोघंही गल्ल्यावर बसतो. सप्त्याला मात्र मी दरवर्षी माहेरी जायचे, कणीक मळायला. कारण वहिनी पीठ द्यायची, पण डब्याचं झाकण असं आपटायची की आबांनी पुन्हा मागायची हिंमत करू नये. पीठ मी औंढ्याहून पिशवीत घेऊन जाऊ लागले. ते पाहून ती म्हणाली, "बरं झालं, देवाचं पाप आमच्या डोक्यावर न्हाई." या बाईच्या तोंडी लागून मी कधी जिंकले नाही आणि जिंकायची हौसही फिटली नाही.

दादाचा जोडधंदा मंडप-साऊंडचा. आधी त्याच्याकडे दोन भोंगे होते. मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, आमच्या घराच्या ओट्यावर ठेवायचं, म्हणजे धूळ लागत नाही आणि घरच्यांचं लक्ष राहतं, आणि तिथून दोन पदरी बारीक वायर माळवदांवरून, लिंबावरून, लोकांच्या पन्हाळींवरून पार देवळापर्यंत न्यायची. भोंग्यातून टाळ ऐकू यायचे, महाराजांचा खोकला ऐकू यायचा, पखवाजाची नुसती चाट, म्हणजे उजव्या तोंडाच्या काठाचा बारीक आवाज, ऐकू यायची. खर्ज भोंग्याला झेपत नाही. ज्याला आबांचा धुमा ऐकायचा असेल तो मंडपात येऊन बसायचा.

मग शेजारच्या गावात कुणीतरी मोठे बॉक्स आणले, तेव्हा दादाला राहवेना. त्यानंही आणले. कपाटाएवढे बॉक्स, नवं मशीन, वर निळे दिवे. मंडपात बॉक्स उभे राहिले तेव्हा नारळ फोडला. मशीन मात्र ओट्यावरच राहिलं, आणि ओट्यापासून मंडपापर्यंत वायर राहिली तीच भोंग्याची. माळवदावर ती इतकी वर्षं पडून होती की ती आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. बॉक्स नवे, मशीन नवं, मधलं काय बदलायचं, असा आमच्या दादाचा विचार. विचार म्हणते ती आपली बोलायची पद्धत.

त्या वर्षी पहिल्याच कीर्तनात आबांनी थाप मारली आणि बॉक्समधून जो आवाज आला तो मी जन्मात ऐकला नव्हता. धुं म्हणून सुरू झाला तो थांबेचना. एक थाप विरायच्या आत दुसरी तिच्यावर पडायची, दुसरीवर तिसरी, सगळा गाळ. बंद बोल, म्हणजे थाप मारून तळव्यानं कातडं दाबून आवाज जिथल्या तिथे तोडायचा, ही आबांची खासियत. त्यांनी तोडलेला आवाज बॉक्स तोडतच नव्हता.

आबांनी पखवाजाकडे बघितलं. बॉक्सकडे बघायचं त्यांना सुचलं नाही, कारण बॉक्स पोराचा होता आणि नवा होता. त्यांना वाटलं कणीक सैल झाली. त्यांनी मला खूण केली, मी घट्ट मळून दिली. तरी तेच. मग त्यांनी गोळा मोठा केला, मग लहान केला, मग खरवडून काढून पुन्हा लावला. दरवर्षी अभंग संपेपर्यंत एकदा लावलेली कणीक पुरायची, त्या आठवड्यात त्यांनी पिशवीभर पीठ संपवलं. उजव्या हाताची नखं उजव्या तोंडाच्या काळ्या शाईवर आणि डाव्या हाताच्या बोटांत पीठ, असे ते दिवसभर बसलेले असायचे आणि पारावरची मंडळी बघत राहायची.

काल्याच्या कीर्तनाला, भर दुपारी, सगळं गाव बसलेलं असताना महाराज अभंगाच्या एका चरणाशी थांबले. आबा खाली वाकून धुम्याला कणीक थापत होते. महाराजांनी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "आमचे मृदंगाचार्य सैपाक करून राहिलेत. पोळ्या झाल्या की सांगा बुवा, मग पुढं जाऊ." मंडप हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, टाळकरी हसले, विणेकरी हसला. ते हसू बॉक्समधून गावभर गेलं. मी मान वळवून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला घराकडे पाहिलं, मंडपातून आमचा ओटा सरळ दिसतो. ओट्यावर मशीनपाशी दादा बसला होता, तोही हसत होता.

आबाही हसले. मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

त्या दिवसापासून गावाला विषय मिळाला. आमचं गाव तसं प्रेमळ आहे, कुणाचं काही दुखलं की दाबून बघायला सगळे येतात. "बुवा, हात गळाला जणू." "बुवा, कणीक लावून राहिलेत का खाऊन राहिलेत?" गिरणीवाला त्यांना पाहिलं की पट्टा थांबवून विचारायचा, पखवाजाचं दळण कव्हा आणता म्हणून. आबा घरी येऊन डावा तळवा उघडून बघत बसायचे, जणू तिथे काही लिहिलेलं सापडेल.

औंढ्याला परत आल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी दुकानात दुरुस्तीला आलेला एक उघडा स्पीकर घेतला, काउंटरवर उताणा ठेवला आणि त्याच्या कागदी पडद्यावर बोटानं टिचकी मारली. धुं झालं. मग त्याच्या दोन टोकांना वायरचा एक आखूड तुकडा जोडून पुन्हा टिचकी मारली. थप. आवाज मेला. मी दोनदा करून बघितलं, स्पीकर तोच, बोट तेच.

ते म्हणाले, मशीन स्पीकरला नुसतं ढकलत नाही, आवरूनही धरतं. पडदा एकदा हलला की हलतच राहायला बघतो, आणि हलता हलता स्वतःच थोडी वीज करतो. ती वीज मशीनमध्ये परत जाऊन फिरली की तीच पडद्याला लगाम घालते. मधे जाड, आखूड वायर असली तर लगाम घट्ट बसतो. बारीक आणि लांब असली तर ती वायरच मधे आडवी येते, आणि पडदा मोकाट सुटतो. सैल कासऱ्याचा बैल जसा 'होऽ' करून थांबवल्यावर आणखी चार पावलं टाकून मगच थांबतो, तसं. "मग भोंग्याला इतकी वर्षं काहून काही झालं न्हाई?" मी विचारलं. ते म्हणाले, भोंग्याचा हिशेब वेगळा. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, व्होल्टेज चढवून पाठवतात, बारीक वायरीवर भागतं. शिवाय भोंग्यात खर्ज होताच कुठे बिघडायला.

म्हणजे आबा तळव्यानं जो आवाज तोडत होते, तोच तोडायचं काम मशीन करतं, आणि माझ्या भावानं मशीनचा तळवाच कापून ठेवला होता.

पुढच्या सप्त्याला मी जाड वायरचं अख्खं बंडल घेऊन गेले. ते स्कूटीवर मावेना, म्हणून ॲपेनं आणलं, आणि ओट्यावर दादासमोर ठेवलं. वायर जाड घाल आणि मशीन देवळापाशी ने, म्हणजे वायर आखूड लागेल, असं सांगितलं. सोबत आणलेल्या स्पीकरवर टिचकी मारून दाखवली. दादा काही अडाणी नाही. आधी म्हणाला, "भोंग्याला हीच चालली ना? मग याला काहून न्हाई चालणार?" ते मी समजावलं. त्यानं पुन्हा स्वतःच टिचकी मारून पाहिली, तुकडा जोडून, तुकडा काढून. त्याला कळलं. कळलेला माणूस मला ओळखता येतो, कारण तो आधी इकडेतिकडे बघतो.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आता बदलली तर लोक काय म्हणतील? म्हणतील, बापाची फजिती यानंच केली. मला साऊंडची सुपारी कोण देईल? हात गेला म्हणून राहिले तर म्हणू दे. वय झालंच ना त्यांचं. एक ना एक दिवस म्हणणारच व्हते."

"ते तुझे वडील हायत," मी म्हटलं.

"तुझे बी हायत. तू ने मग औंढ्याला."

वहिनीनं दारातून ऐकलं आणि बंडल आत नेऊन हळदीच्या पोत्यांमागे ठेवलं. तिथे ते दिसत नव्हतं. मी आबांना सांगायला गेले होते, पण ते परात घेऊन माझी वाट बघत बसले होते. कीर्तनाला थोडाच वेळ होता. अशा वेळी त्यांना काय सांगायचं, की तुमच्या पोरानं तुमची अब्रू पोत्यामागे ठेवू दिलीय? मी कणीक मळली. त्यांनी दाबून बघितली. "बराबर," ते म्हणाले आणि पुन्हा त्या गाळात वाजवायला गेले. त्या वर्षी कुणी हसलं नाही. टाळकरी त्यांच्याकडे न बघता टाळ वाजवत होते. हसलेलं बरं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

सप्ता उठल्यावर भजनी मंडळाची मोठी माणसं घरी आली. चहा झाला. हळदीचा भाव झाला. पावसाचं काय म्हणतात ते झालं. मग त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं, ज्याच्या पोराच्या लग्नात आबांनी सुपारी न घेता रात्रभर भजन ओढलं होतं, कप खाली ठेवला.

"बुवा, तुमाला आता तकलीफ नको. नांदेडहून एक शिकलेला गडी मिळून राहिला. तुमी बसा निवांत समोर, ऐका."

आबा म्हणाले, "बराबर हाय."

एवढंच. कणीक चांगली जमली की म्हणायचे तोच शब्द. दादा खाली मान घालून टाइल्सच्या फटी कोरत बसला होता. मी उठून आत गेले, कारण बाहेर थांबले असते तर त्या चहाच्या ट्रेचं माझ्या हातून काय झालं असतं सांगता येत नाही.

त्यापुढच्या सप्त्याला मी गेले ती का गेले, माझं मलाच माहीत नाही. कणीक कुणी मागणार नव्हतं. नवा पखवाजी तिशीतला, अंगानं भरलेला, बोलायला नम्र. आल्या आल्या तो आबांच्या पाया पडला, म्हणाला, "तुमी बसा जवळ, चुकलं तर सांगा." वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. आबा शेताकडे चक्कर मारायला गेले, तेव्हा त्यानं माइक लावून एक थाप मारली, कान टवकारले, आणखी एक मारली, आणि ओट्यावरून दादाला बोलावून घेतलं. "भाऊ, तुमची वायर बारीक हाय. बेस सुटून राहिला. अशावर मी वाजवणार न्हाई."

दादा तसाच घराकडे वळला. आत गेला, पोती सरकवली आणि माझं बंडल घेऊन बाहेर आला. मशीनही उचलून देवळाच्या पायरीपाशी नेलं. आपल्या बहिणीनं सांगितलेलं समजायला त्याला नांदेडचा माणूस लागला, आणि समजल्याबरोबर त्यानं दुपारच्या उन्हात घाम गाळत सगळी जोडणी केली. मी मंडपाच्या खांबाला धरून उभी होते. कुणीतरी म्हणालं, "पाहा, गडी किती मेहनत करून राहिला."

संध्याकाळी कीर्तन सुरू झालं. पहिली थाप पडली आणि जिथे तुटायला हवी तिथेच तुटली. बंद बोल बंद, खुला बोल खुला. बॉक्स सुईसारखा साफ. लोकांच्या माना डोलल्या. माझ्या मागून आवाज आला, "हात म्हणावं तर असा." दुसरा म्हणाला, "मंग. बुवाचा काय व्हता तो. उगाच जागा धरून बसले व्हते."

आबा समोर, पहिल्या ओळीत, सतरंजीवर बसले होते. त्यांनीही ऐकलं. बोलणंही आणि पखवाजही. त्यांनी हळूच मान हलवली, दाद दिल्यासारखी, आणि मग डावा तळवा मांडीवर पालथा ठेवला. तेच मशीन, तेच बॉक्स, तोच पोरगा, आणि आवाज असा स्वच्छ. मग चूक आपल्याच हाताची होती, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं. गावानं दोन वर्षं त्यांना नुसतं म्हटलं होतं. पुरावा त्या दिवशी मिळाला, आणि तो माझ्या बंडलातून मिळाला.

ते मला सहन झालं नाही. श्रावणात आबा नागनाथाच्या दर्शनाला औंढ्याला आले, दादानं त्यांना मोटारसायकलवरून दुकानात सोडलं आणि तो बाजाराला गेला. मी आबांना काउंटरच्या आत खुर्ची दिली, स्पीकर समोर ठेवला आणि म्हटलं, "वाजवा."

ते माझ्याकडे बघायला लागले. मग बोटानं पडद्यावर थाप मारली. धुं. मी आखूड जाड वायर जोडली. "आता मारा." थप. मग मी ती काढली आणि भोंग्याची जुनी वायर जोडली. माळवदावरून काढून टाकलेली ती वायर मी उकिरड्याजवळून गोळा करून आणली होती, सगळी, वेटोळं करून. "आता."

धुं-ऊं. तोच गाळ. तोच, काल्याच्या दुपारचा.

आबांना काही समजवावं लागलं नाही. ज्या माणसानं उभा जन्म तळव्यानं आवाज तोडला त्याला काय समजवायचं. त्यांनी पुन्हा मारून पाहिलं, मग वायर बदलून, मग तळवा पडद्यावर ठेवून. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, यासाठीच मी जन्माला आले.

"म्हंजे हात माझा बराबर व्हता," ते म्हणाले.

"व्हय, आबा. बराबरच व्हता."

त्यांनी दोन्ही हात समोर धरून बघितले. मग थांबले. ते कुठे पोचले हे मला दिसत होतं, आणि तरी मी काही केलं नाही.

"ह्याला म्हाईत व्हतं?"

ह्याला म्हणजे कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. खोटं बोलता आलं असतं. पण मला त्या घरात कुणीतरी एकदा तरी माझ्या बाजूनं उभं राहायला हवं होतं. मी म्हटलं, "मी दाखवलं व्हतं त्याला. असंच, स्पीकर घेऊन. त्याला कळलं व्हतं."

आबांनी स्पीकरची टोकं सोडवली. जाड तुकडा काउंटरवर ठेवला, बारीक वायरचं वेटोळं नीट बांधलं आणि माझ्याकडे दिलं. त्यांचा चेहरा पुन्हा भिंतीला टेकल्यासारखा झाला होता.

"हे टाकून दे, बाई," ते म्हणाले. "मला त्याच्या घरी ऱ्हायचं हाय."

चहा आला. आम्ही दोघं प्यालो. तेवढ्यात दादा बाजारातून परत आला. त्याला काउंटरवर उघडा स्पीकर दिसला, वायर दिसली, आणि तो इकडेतिकडे बघायला लागला. मग आवाज चढवून मला म्हणाला, "आजून तेच करून राहिलीस का? म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात काहून भरवून राहिली? आबा, काय सांगून राहिली ही तुमाला?"

मी आबांकडे पाहिलं. सगळं त्यांच्या एका शब्दावर होतं. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि माझ्याकडे न बघता दादाच्या खांद्यावर तो डावा हात ठेवला.

"काय न्हाई रे," ते म्हणाले. "हात गेला माझा. हिला काय कळतंय त्यातलं."